संगणक-सत्र खंडित होणे

व्यापारी संगणक प्रणालीशी टर्मिनलावरून जोडलेला संपर्क वापरणाऱ्याच्या इच्छेविना तुटणे, यास सत्र खंडित होणे म्हणतात. आयबीएमच्या एएस/४०० (१९८८) या मध्यम क्षमतेच्या प्रणालीवरून व तिच्या ‘आयबीएम आय’ (२००८) या उत्तररूपावरून हा दोष चांगला स्पष्ट होतो.

प्रारंभी टर्मिनले ट्विनॅक्स केबलने जोडीत. एका मार्गावर कमाल ७ उपकरणे व सु. १,५२५ मी. लांबी अशी मर्यादा असल्याने दोषस्थान लवकर सापडे. पुढे ५२५० टर्मिनलाचे कार्य वैयक्तिक संगणकावरील प्रणाली टेलनेटद्वारे करू लागली आणि मध्ये स्विच, राउटर, फायरवॉल असे दुवे आले.

निदान : प्रथम सत्र एकाचे तुटते की अनेकांचे, ठराविक अवधीने की अनियमितपणे, आणि काम चालू असता की थांबले असता, हे पाहतात. एकाच वेळी अनेक सत्रे तुटल्यास सामाईक मार्ग किंवा मुख्य संगणक, तर एकच तुटल्यास त्या टर्मिनलाची जोडणी तपासतात. मुख्य संगणकावरील कार्यनोंद, इतिहासनोंद व चालकाची संदेशरांग यांतील वेळा जुळवून पाहणे आवश्यक असते.

कारणे : काम थांबल्यावर ठराविक अवधीने सत्र तुटत असेल, तर कारण बहुधा कालमर्यादा हे असते. ती मुख्य संगणकाने घातलेली असल्यास तशी नोंद सापडते. फायरवॉल मात्र निष्क्रिय जोडणीची नोंद गुपचूप पुसते. टीसीपीच्या चाचणीसंदेशांचा रूढ अवधी किमान २ तास आहे. फायरवॉलची मर्यादा ३० मिनिटे असल्यास पहिला संदेश निघण्यापूर्वीच मार्ग बंद होतो. म्हणून चाचणीसंदेशांचा अवधी त्या मर्यादेपेक्षा कमी ठेवतात. काम चालू असता अनियमितपणे सत्र तुटल्यास केबल, बिनतारी जोडणी किंवा एका टोकास पूर्ण-द्विमार्गी व दुसऱ्यास अर्ध-द्विमार्गी अशी विसंगती शोधतात.

परिणाम : संपर्क तुटला, तरी मुख्य संगणकावरील कार्य लगेच संपतेच असे नाही. त्याने अडवून ठेवलेल्या नोंदी इतरांना बदलता येत नाहीत, तर कार्य मध्येच संपविल्यास व्यवहार अर्धवट राहू शकतो. यासाठी व्यवहार पूर्ण झाल्यावरच बदल कायम करण्याची योजना कार्यक्रमात असावी लागते. कालमर्यादा सरसकट रद्द करणे हा उपाय नव्हे. कारण सोडून गेलेल्या उघड्या टर्मिनलाचा गैरवापर रोखणे हाही तिचा हेतू असतो.