सभासद-यादीतले मराठी नाव

अमेरिकेतल्या मंडळाची सभासद-यादी संगणकावर इंग्रजीत असेपर्यंत काही अडत नाही. पण कुणी हौसेने 'ज्ञानेश्वर' हे नाव देवनागरीत भरावे आणि छापताना तिथे दहा प्रश्नचिन्हे उमटावीत, असे घडते. मग सगळे फाँटला नावे ठेवतात. दोष बहुधा फाँटचा नसून डेटाबेसमधल्या रकान्याच्या प्रकाराचा असतो.

संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवतो. 'व्हारचार' या जुन्या प्रकारात, नेहमीच्या अमेरिकन मांडणीत, एका अक्षराला एक बाइट मिळतो. म्हणजे फार तर २५६ घरे, आणि ती रोमन लिपीने आधीच अडवलेली. 'श्री-लिपी'सारख्या फाँटांनी अशाच मोजक्या घरांत मराठी आकार बसवले. पण फाँट बदलला की मजकूर अगम्य!

१९९१ साली युनिकोडने देवनागरीसाठी १२८ स्वतंत्र क्रमांकांचा विभाग राखला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १९९८च्या ७.० आवृत्तीपासून त्यासाठी 'एन-व्हारचार' आहे. 'ज्ञानेश्वर'मध्ये आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणक मात्र जोडाक्षरे, काने, मात्रा सुटे करून दहा मोजतो. प्रत्येकी दोन, असे वीस बाइट लागतात.

"मग इंग्रजी नावांनाही दुप्पट जागा?" हो. पण हजार सभासदांच्या वीस-वीस अक्षरी नावांना जादा लागतात वीस हजार बाइट. एका छायाचित्राहूनही कमी. कोट्यवधी नोंदी असतील तर हिशेब जरूर करावा. २०१९च्या आवृत्तीपासून 'व्हारचार'मध्येही यूटीएफ-८ पद्धतीने युनिकोड ठेवता येते. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन. मात्र रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जाते. वीसच्या रकान्यात तीस बाइटांचा 'ज्ञानेश्वर' मावत नाही.

तेव्हा साधा नियम असा: झिप कोड, फोन, राज्याची दोन अक्षरे यांना 'व्हारचार' पुरे. माणसाने स्वतः लिहायचे नाव, भारतातला पत्ता, कविता, श्रद्धांजली यांना युनिकोड. शिवाय आज्ञेत मराठी शब्दाच्या अवतरणचिन्हाआधी 'एन' लिहायला विसरू नये. नाहीतर रकाना योग्य असूनही प्रश्नचिन्हेच पोचतात.

ही काळजी आधीच घ्यायला हवी. प्रश्नचिन्ह साठवले गेले की मूळ अक्षराचा आकडा उरतच नाही. रकाना नंतर बदलता येईल, पण पुसले गेलेले नाव त्या माणसालाच पुन्हा विचारावे लागेल. आणि तो माणूस विचारायला असेलच असे नाही.