बोटांच्या बेचक्यातली बुरशी

पावसाळा लागला की पालघर-बोईसर पट्ट्यातील शिक्षकांना वर्गात एक दृश्य हमखास दिसते. ओल्या बुटांतून पाय बाहेर येतात आणि बोटांच्या बेचक्यांत पांढरट, भिजलेली, खाजरी कातडी दिसते. यालाच आपण चिखल्या म्हणतो. सातपाटीच्या बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायकांच्या हातांना, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर गमबूट किंवा रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांनाही असा त्रास होऊ शकतो. मग औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब येते. चार दिवसांत खाज थांबते, ट्यूब कोनाड्यात जाते आणि पंधरवड्यात दुखणे परत येते. असे का व्हावे?

बेचक्यांतल्या या दुखण्यामागे कधी नायट्याच्या वर्गातली बुरशी असते, कधी जीवाणू, तर पुष्कळदा कॅन्डिडा नावाचे यीस्ट. पाव फुगवणाऱ्या यीस्टचे हे दूरचे भावंड. तेही एकपेशीय आणि कळ्या फुटून वाढणारे. निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यात कॅन्डिडा एरवीही निमूट राहते. कातडी सतत ओली राहून मऊ पडली की मात्र तिचे फावते.

तिला मारणे सोपे का नाही, ते आता पाहू. पेनिसिलिन जीवाणूंच्या पेशीभित्तिकेची बांधणी बिघडवते. त्या भित्तिकेतला घटक आपल्या पेशींत नाही, म्हणून आपण सुरक्षित राहतो. पण तो बुरशीतही नाही, म्हणून बुरशीही सुरक्षित राहते! उलट बुरशीच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत. शत्रू असा नात्यातला असला की वार जपून करावा लागतो.

सुदैवाने एक फरक सापडला. आपल्या पेशीपटलाला घट्टपणा देतो तो कोलेस्टेरॉल. बुरशीत तेच काम एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ करतो. बुरशीवरच्या बऱ्याचशा मलमांचा नेम याच पदार्थावर असतो.

नेम साधण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे औषध मिळवले. त्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव मिळाले. हे औषध एर्गोस्टेरॉललाच चिकटते. पेशीपटल गळू लागते, आतले क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी मरते.

दुसरी तऱ्हा क्लोट्रिमॅझोलची. आज दुकानात सर्रास मिळणाऱ्या मलमांपैकी हे एक. एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या साखळीतले एक विकर ते अडवून धरते. विटांची भट्टी बंद पडली तर उभी भिंत लगेच कोसळत नाही, पण नवे बांधकाम थांबते. तसेच येथे होते. बुरशीची वाढ थांबते, पण जुन्या पेशी काही काळ तग धरून राहतात. उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती आणि झडणारी कातडी करते.

कातडीचा वरचा थर मृत पेशींचा असतो. तेथे रक्तवाहिन्या पोहोचत नाहीत, म्हणून औषध वरून लावणे सोयीचे. मलमातून रक्तात फारच थोडे औषध शिरते, हा आणखी एक फायदा. हा थर बदलायला काही आठवडे लागतात. म्हणूनच डॉक्टर सहसा दोन ते चार आठवडे मलम लावायला सांगतात. खाज थांबली म्हणजे बुरशी संपली असे नव्हे.

एक धोका आवर्जून सांगायला हवा. काही मलमांत बुरशीनाशकाबरोबर स्टिरॉइडही असते. त्याने लाली आणि खाज झटकन उतरते, पण कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. 2018 मध्ये सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तेव्हा शेजाऱ्याने दिलेली ट्यूब लावू नये. मधुमेह असल्यास, तान्ह्या बाळाला त्रास झाल्यास किंवा दुखणे हटत नसल्यास डॉक्टरांना दाखवावे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पावाचे दोन तुकडे घ्या. एक उन्हात कडक वाळवा, दुसऱ्यावर थोडे पाणी शिंपडा. दोन्ही वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत बंद करून आठवडाभर ठेवा. पिशव्या न उघडता रोज नोंद करा. बुरशी आधी कोठे धरते? उत्तर मुले स्वतःच देतील, आणि बेचक्या का पुसायच्या तेही त्यांना कळेल.

मासळी निवडणारीला हात कोरडे ठेवून काम करा, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? पण काम संपल्यावर गोड्या पाण्याने हात धुऊन प्रत्येक बेचकी सुक्या फडक्याने टिपणे आणि सुरू केलेले मलम पूर्ण मुदतीपर्यंत लावणे, एवढे तिच्या हातात आहे. घरी हे सांगायला तिचे शाळेत जाणारे मूल पुरेसे आहे.