काडीमोड व मालमत्तेची विभागणी
काडीमोड व मालमत्तेची विभागणी : पतिपत्नींनी परस्परसंमतीने विभक्त होताना घर, शेती, दागिने, भांडीकुंडी व देणी यांची वकिलाविना आपापसांत केलेली वाटणी. पंचांसमक्ष काडी मोडून संबंध तुटल्याचे दर्शविण्याच्या रूढीवरून ‘काडीमोड’ हा शब्द रूढ झाला. त्याच्या लेखी स्वरूपास फारकत किंवा सोडचिठ्ठी म्हणतात. मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने हिंदूंना घटस्फोटाची मुभा मिळाली. तथापि वाशीमचा प्रदेश तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असल्याने त्यास तो लागू नव्हता. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ येईपर्यंत तेथील हिंदूंना रूढी हाच मार्ग होता. या अधिनियमाच्या कलम २९ ने रूढीप्रमाणे होणारा काडीमोड अबाधित ठेवला. मात्र अशी रूढी त्या समाजात असल्याचे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. रूढी सिद्ध न झाल्यास केवळ मुद्रांक कागदावर, म्हणजे गावात ज्यास ‘बाँड’ म्हणतात त्यावर, लिहिलेल्या फारकतीने विवाह संपत नाही आणि पुढील विवाह बेकायदेशीर ठरतो.

विवाहामुळे संपत्ती सामाईक होत नाही, हे भारतीय कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व होय. गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल, तर दांपत्याची संपत्ती सामाईक असते व विभक्त होताना ती निम्मी निम्मी होते. वाशीममधील स्त्रीस असे कवच नाही. पतीच्या घरात पत्नीस वाटा देऊ पाहणारे विवाहविषयक दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले. पण पुढे ते व्यपगत झाले. त्यामुळे सामोपचाराच्या वाटणीत स्त्रीच्या पदरी काय पडते, हे बऱ्याच अंशी कोणता कागद कोणाच्या नावे आहे यावर ठरते.

स्त्रीधनाविषयी मात्र संदिग्धता नाही. विवाहप्रसंगी तिला मिळालेले दागिने व वस्तू तिच्याच होत. पती वा सासरची मंडळी त्यांचे केवळ विश्वस्त असतात, असे प्रतिभा राणी खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. उभयतांस मिळून आलेल्या भेटींची व्यवस्था न्यायालय कलम २७ अन्वये लावू शकते. दागिन्यांची यादी वजनासह करून उभयतांनी व दोन साक्षीदारांनी तीवर सह्या कराव्यात. पुष्कळसे तंटे याच यादीअभावी उद्‌भवतात.

खरी अडचण शेतजमिनीची. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या तालुक्यांतील कोरडवाहू कुटुंबांत सोयाबीन व तूर पिकविणारी जमीन हीच मुख्य मालमत्ता असते आणि तिच्यावर वर्षानुवर्षे राबलेल्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नसते. ही जमीन वडिलोपार्जित व अविभक्त असल्यास पतीस आपला हिस्सा पत्नीस दान करता येत नाही. आधी कुटुंबात वाटणी व्हावी लागते. मिताक्षरा पद्धतीत बापलेकांची वाटणी झाल्यास पत्नीस मुलाइतका वाटा मिळतो. परंतु तशी वाटणी मागण्याचा अधिकार तिला नाही, ही विलक्षण तरतूद आहे. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली चालविलेल्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन केली. पतीने जिवंतपणी, संसार सुरळीत असताना दिलेली अशी जमीन पुढे वाटाघाटीत तिची मोठीच बाजू ठरते.

स्वकष्टार्जित जमीन वा घर द्यावयाचे ठरल्यास तोंडी शब्द पुरेसा नाही. शंभर रुपये वा अधिक मूल्याच्या स्थावराचे हस्तांतर नोंदणीकृत दस्तानेच होते. फेरफाराची नोंद किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा व महसुलाचा कागद असून मालकीचा पुरावा नव्हे. महाराष्ट्रात पतीने पत्नीस निवासी घर वा शेतजमीन बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. ही सवलत नात्यावर अवलंबून असल्याने दस्त हुकूमनाम्यापूर्वी करणे हितावह. नंतर ती ‘पत्नी’ राहत नाही. पीककर्ज कोणी फेडावे हे दोघांनी ठरविले, तरी तो करार बँकेस वा सेवा सहकारी संस्थेस बंधनकारक नसतो.

परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद (कलम १३-ब) १९७६ मध्ये अंतर्भूत झाली. किमान एक वर्ष वेगळे राहिलेल्या दांपत्यास संयुक्त अर्ज करता येतो. त्यानंतरचा सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणी न्यायालय शिथिल करू शकते, असा निर्णय २०१७ मध्ये झाला. वाटणीच्या अटी या अर्जातच लिहाव्यात. वकील नेमण्याची सक्ती नसते. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत साहाय्य मिळते. सही करण्यापूर्वी त्याचा लाभ घेणे म्हणजे भांडण उकरणे नव्हे. लोकअदालतीस घटस्फोट देता येत नाही. पण तेथे झालेल्या मालमत्तेच्या तडजोडीस हुकूमनाम्याचे बळ असते. मुलांच्या पोटगीचा हक्क आईबापांना आपसांतील कराराने सोडून देता येत नाही.

मुस्लिम दांपत्यास मुबारात पद्धतीने परस्परसंमतीने विभक्त होता येते. मेहेरची बाकी व स्त्रीच्या मालकीच्या वस्तू यांचा उल्लेख त्या लेखात स्वतंत्रपणे करावा लागतो. एरवी ‘काही देणेघेणे उरले नाही’ या सरसकट वाक्याखाली दोन्ही हक्क बुडाल्याचा दावा पुढे केला जातो.