फायबर घासण्याचे तास कोटेशनमध्ये लिहिता का?



या वेळच्या व्हिडिओत आपण घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारे अमेरिकन हौशी लोक पाहिले. तुम्ही म्हणाल, ‘सर, आपल्याला कुठे विमान बनवायचंय?’ बरोबर. पण बंपर, टाकी, मूर्ती, फायबरचं काहीही करणार असाल, तर त्यांची पद्धत तुमच्या कामाची आहे.

ओरेगॉनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची आरव्ही मालिकेतली किट घ्या. सांगाडा ॲल्युमिनियमचा. पण इंजिनवरचं झाकण म्हणजे काउलिंग, पंखांची टोकं, चाकांवरची कव्हरं फायबरग्लासची. हे भाग कडेला जास्तीचे ठेवूनच येतात. बसवणाऱ्याने ते आपल्या विमानाच्या मापाने कापायचे असतात.

कसे बसवतात?

१. थोडं घासायचं, लावून बघायचं, काढायचं, परत घासायचं. दाबून बसवायचं नाही. दाबलेला भाग पुढे तडकतो.

२. इंजिन रबरी माउंटवर असतं, वापरात थोडं खाली बसतं. म्हणून पुढचा स्पिनर काउलिंगपेक्षा किंचित वर ठेवतात. आजचं नाही, उद्याचं माप धरायचं.

३. आकार कमी पडला तर भर घालायची. नुसता आकार हवा असेल तिथे रेझिनमध्ये मायक्रोबलून: हलके, घासायला सोपे, पण ताकद नाही. जोर येतो तिथे कापसाचे तंतू, म्हणजे फ्लॉक्स: मजबूत, पण जड आणि घासायला कठीण.

४. भर घालण्याआधी जुना पृष्ठभाग खरखरीत करायचा. पॉलिएस्टरच्या भागावर इपॉक्सी चालतं; इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

५. शेवटी पिनहोल भरायचे, नाहीतर रंगानंतर प्रत्येक छिद्र दिसतं. आणि घासताना मास्क हवाच. काचेची धूळ आहे ती.

आता धंद्याचं बोलू. अमेरिकेत अशा विमानाचं बहुतांश काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं लागतं. त्यामुळे त्याच्या घासण्याच्या तासांचं बिल होत नाही. तुमच्या कारागिराच्या तासांचं होतं.

समजा, साहित्य २,००० रुपये, मजुरी तासाला १५० रुपये. साच्यात थर देण्याचे ४ तास, म्हणजे ६०० रुपये. खर्च धरला २,६००, त्यावर २० टक्के नफा, कोटेशन ३,१२०. पण कापणं, बसवणं, भरणं, घासणं यात आणखी ८ तास गेले: १,२०० रुपये. खरा खर्च ३,८००. काम झकास, गिऱ्हाईक खूश आणि तुमच्या खिशातून ६८० रुपये गेले!

म्हणून पुढच्या तीन कामांत साच्याचे तास वेगळे आणि फिटिंगचे तास वेगळे लिहा. घड्याळ लावून लिहा, अंदाजाने नको. चौथ्या कोटेशनमध्ये ‘फिटिंग व फिनिशिंग’ ही स्वतंत्र ओळ टाका. गिऱ्हाईक घासाघीस करेल, करू द्या. ओळ लिहिलेली असेल तर निदान कशावर सूट देतोय, हे तुम्हाला कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही तयार ठेवा!