लाल मण्याआधी

मी शनिशिंगणापूरकडचा. आमच्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, जामखेडला, आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्या बायांना आरोग्यसेविका केलं. त्यामुळे न शिकलेली बाई औषध देते, याचं मला नवल नव्हतं. गडचिरोलीला गेलो ते श्वासांची मोजणी बघायला. अक्षरओळख नसलेली दाई बाळाचा न्यूमोनिया ओळखते, म्हणजे नेमकं करते काय?

दाखवणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या. हातात मण्यांच्या दोन ओळींची पाटी, शेजारी मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाचं झबलं वर करून त्या पोटाकडे बघत बसल्या. "रडत असन तर मोजाचं नाही," एवढंच बोलल्या. पोट एकदा वर आलं की एक श्वास. दहा झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या ओळीत पाच मणी हिरवे, सहावा लाल. वाळू संपण्याआधी लाल सरकला, तर न्यूमोनिया. साठपर्यंतची मोजणी दायांना अवघड, दहापर्यंतची सोपी. सगळं यंत्र त्या दहावर उभं आहे. त्या दिवशी चार मण्यांवर वाळू संपली आणि बाळाच्या आजीने झबलं खाली ओढलं.

ही पाटी डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेची. तिने इथल्या गोंड लोकांना विचारूनच दवाखाना बांधला: झोपड्यांसारख्या खोल्या, सोबत नातेवाईक, नाव दंतेश्वरी देवीचं. पांढऱ्या कापडात तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो, मग डॉक्टर-नर्स पांढऱ्यात का, हा लोकांचा सवाल. मोठ्या इस्पितळांत हा सवाल कुणी ऐकून घेतला असता का, शंकाच आहे.

पुढे 39 गावांतल्या बाया आरोग्यदूत झाल्या. घरोघरी बाळाचं वजन, ताप, जन्ममृत्यूची नोंद आणि जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. बासष्ट टक्के, आणि आकडे मांडणारे डॉक्टर असले तरी गावागावांत नोंदी ठेवणाऱ्या याच बाया.

याच नमुन्यावर 2011 पासून देशभरच्या आशाताई नवजात बाळांच्या घरी जातात. इंजेक्शन मात्र त्यांच्या कामात घातलं नाही. सुई नर्सच्याच हाती हवी, असं म्हणतात, मी म्हणालो. बाईंनी मणी मागे सारले.

"नर्सबाई कोणत्या गावात राह्यते, ते सांगा पयले."