शिवराईला चिंच लावू नका!

दिवाळीच्या साफसफाईत आजोबांच्या डबीतून एखादी शिवराई निघते आणि घरातली उत्साही मंडळी चिंच घेऊन धावतात. तांब्यावर चढलेला तो काळपट थर घासून निघाला, की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत उतरलीच! त्यापेक्षा तिचा फोटो काढावा. १६७४ च्या राज्याभिषेकाची आठवण सांगणारे आणि पेशवाईतही पाडले गेलेले हे नाणे असते जेमतेम दोन सेंटिमीटरचे. मोबाइल तितका जवळ नेला, की त्याचीच सावली वर पडते. कॅमेरा साधा, जुना चालेल. पैसे मॅक्रो भिंगात घालावेत. ५०-६० मिलिमीटरचे भिंग स्वस्त खरे, पण ते नाण्याच्या दोन-तीन इंचांवर येऊन उजेड अडवते. १०० चे घेतले तर पाचेक इंच मोकळे राहतात, आणि सगळी गंमत त्या मोकळ्या जागेतच आहे. कॅमेरा तिवईवर, छिद्र एफ ८ वर, आणि उजेड एका बाजूने अगदी तिरपा. (फ्लॅशचे नावही काढू नये.) मग झिजलेल्या ‘श्री राजा शिव’ मधली वेलांटीसुद्धा आपल्या सावलीने उठून दिसते. वाशी-नेरूळच्या सदनिकेत यासाठी पूर्वेची खिडकी आणि सकाळची वेळ पुरते. पाठीमागचे ‘छत्रपति’ उमटत नसेल, तर दिवा हलवत बसू नका. नाणेच थोडे फिरवा.