शेतावरील कोंबड्या : पहिलें वर्ष

सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा तालुका हा पर्जन्यछायेचा मुलूख. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होऊन येथवर येतात. म्हणून येथील शेतकऱ्याची भिस्त रब्बीच्या जोंधळ्यावर. १९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पुरें झालें आणि जलाशयाच्या कांठच्या गांवीं ऊस व केळी आली; परंतु कांठापासून दूर असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याचें वर्ष अजूनहि आभाळाकडे पाहूनच जातें. अशा घरीं परसांतल्या कोंबड्या ही केवळ हौस नव्हे. पीक वर्षांतून एकदां हातीं येतें. अंड्याचा पैसा मात्र आठवड्याच्या मीठमिरचीला उपयोगी पडतो, आणि तो बहुधा घरच्या बाईच्याच हातांत राहतो. शहरांत नोकरीधंद्यासाठीं गेलेल्या कुटुंबांसहि गांवाकडील लहानशा शेतावर असा एक कळप पाळावा असें कधींकधीं वाटतें.

अशा नवख्या पाळणाऱ्याचा समज असा असतो, कीं मोकळी कोंबडी आपलें पोट आपणच भरते, मग तिच्यासाठीं कष्ट ते कसले? हा समजच पहिल्या कळपाचा घात करतो. कोंबडीला दिवसा जितकें मोकळें सोडावयाचें, तितका तिच्या रात्रीचा आणि तिच्या पहिल्या आठ आठवड्यांचा बंदोबस्त कडक असावा लागतो.

प्रथम जातीची निवड. गांवठी कोंबडी वर्षांत साधारण ६० ते ८० अंडीं देते. पण ती चपळ असते, घारीची सांवली पडतांच झुडपांत शिरते, आणि खुडूक झाली म्हणजे अंड्यांवर बसून आपलीं पिल्लें आपणच वाढविते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठांत तयार झालेली गिरिराज, किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेंतील वनराज व ग्रामप्रिया, ह्या जाती परसांत वाढविण्यासाठींच निपजविलेल्या आहेत. ह्यांचीं अंडीं अधिक; परंतु त्या सहसा खुडूक होत नाहींत, आणि त्या संकरित असल्यामुळें त्यांची पुढची पिढी आईबापांसारखी एकसारखी उतरत नाहीं. म्हणून आरंभ सुधारलेल्या जातीच्या २५ पिल्लांनीं करून पुढें एकदोन गांवठी कोंबड्या जोडाव्या, हें सोयीचें. खुडूक कोंबडीखालीं १० ते १२ अंडीं ठेवावीं. सातव्या रात्रीं अंडें विजेरीपुढें धरल्यास आंत बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें दिसतें. जें अंडें स्वच्छ दिसेल तें काढून टाकावें. एकविसाव्या दिवशीं पिल्लें बाहेर येतात.

विकत आणलेल्या पिल्लांस आई नसते. तिची ऊब माणसालाच पुरवावी लागते. पहिल्या आठवड्यांत पिल्लांजवळ सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता हवी. पुढें दर आठवड्यास ती तीन अंशांनीं उतरवीत जावें. ह्याला उष्णतामापकच पाहिजे असें नाहीं. पिल्लें दिव्याखालीं एकमेकांवर चढूं लागलीं तर त्यांना थंडी वाजत आहे; चोंच उघडून दूर कडेला गेलीं तर उकडत आहे; सर्वत्र पसरून टिपूं लागलीं म्हणजे ऊब बरोबर आहे. भोंवतालीं पत्र्याचें गोल कडें करावें, म्हणजे कोपऱ्यांत दाटी होऊन पिल्लें चेंगरत नाहींत. खालीं भुईमुगाच्या टरफलांचा किंवा लाकडाच्या भुशाचा कोरडा थर असावा. पाण्याच्या उथळ भांड्यांत गारगोट्या टाकाव्या. नाहींतर इवलींशीं पिल्लें त्यांतच बुडतात. वीज गेल्यावर कोंडलेल्या खोलींत कोळशाची शेगडी ठेवूं नये. तिच्या विषारी वायूनें पिल्लें आणि माणूस दोघेंहि दगावतात.

ह्यानंतरचा शत्रु डोळ्यांना दिसत नाहीं. खेड्यांत ज्याला मानमोडी म्हणतात, तो रानीखेत रोग होय. कुमाऊं भागांतील रानीखेत येथें १९२७ च्या सुमारास तो आढळला आणि त्याच गांवाचें नांव त्याला चिकटलें. हिरवट हगवण, धाप आणि पिळवटलेली मान हीं त्याचीं लक्षणें. एका आठवड्यांत अख्खें खुराडें रिकामें होतें. आणि रोग एकदां जडला म्हणजे औषध नाहीं. उपाय लस हाच. पांचव्या ते सातव्या दिवसांत लासोटा लसीचा थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालतात आणि पुढें ती पुन्हां देतात. सुमारें आठव्या आठवड्यांत आर-टू-बी लस टोंचतात. देवीचीहि लस त्याच सुमारास द्यावी. नेमका क्रम पशुवैद्यास विचारून ठरवावा. लस दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फांतच आली पाहिजे. करमाळ्याच्या उन्हांत पिशवींतून आणलेली लस म्हणजे नुसतें पाणी! बाजारांतून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी, आणि मेलेली कोंबडी उकिरड्यावर न फेंकतां खोल पुरावी. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची सांथ आली, तेव्हां लाखों कोंबड्या मारून पुराव्या लागल्या; त्या सालापासून तरी ही शिस्त कोणास अनाठायीं वाटूं नये.

रात्रीचें खुराडें जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, प्रत्येक पक्ष्यास निदान एक चौरस फूट जागा देणारें आणि लांब बाजू पूर्व-पश्चिम असलेलें असावें. म्हणजे ऊन आंत येत नाहीं. जाळी अशी बारीक हवी, कीं मुंगसाचें तोंड शिरणार नाहीं. छपरावर उसाचें पाचट अंथरल्यास वैशाखांत मोठा उपयोग होतो; कारण कोंबडीला घाम येत नाहीं, चोंच उघडून धापा टाकणें एवढाच तिचा उपाय. म्हणून पारा चाळिशीपलीकडे गेला, कीं सांवलींत मातीच्या भांड्यांतील गार पाणी हेंच तिचें पहिलें खाद्य समजावें.

आषाढांत आणलेलीं पिल्लें भाद्रपदांत बाहेर पडूं लागतात. तेव्हां बांधावर गवत आणि किडे मुबलक असतात. सोडण्यापूर्वीं आठवडाभर त्यांस नव्या खुराड्यांत कोंडून ठेवावें, म्हणजे हें आपलें घर अशी त्यांना ओळख पटते. पुढें रोज दिवेलागणीस दाणे टाकतांना एकच हांक द्यावी. त्या हांकेवर कळप परत येतो, मोजतां येतो आणि दार लावतां येतें. माघ-फाल्गुनांत खळ्यावरचा सांडलेला जोंधळा त्यांना पुरतो. पण चैत्र-वैशाखांत रान ओसाड होतें. अंड्यावरच्या कोंबडीस दिवसाला सुमारें १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतें; रान जितकें देत नाहीं, तितकें पाळणाऱ्यानें द्यावें. त्यांत शेंगदाण्याची पेंड आणि शिंपल्याचा चुरा असावा. शेजाऱ्याच्या नव्या पेरणींत कोंबड्या शिरल्या, तर दाणे उकरले जाऊन भांडण होतें. आणि बियाण्यास विषारी औषध चोळलेलें असल्यास कळपहि जातो. म्हणून पेरणीच्या आठवड्यांत त्या कोंडून ठेवाव्या.

शहरांतील गृहिणीस ह्यांतून एक गोष्ट कळून येईल. अंड्याचें तपकिरी कवच हा गांवठीपणाचा पुरावा नव्हे. तो कोंबडीच्या जातीचा रंग आहे. नुसत्या जोंधळ्यावर वाढलेल्या कोंबडीचा बलक फिका असतो, कारण मक्यांतील पिवळें द्रव्य जोंधळ्यांत फारसें नसतें. हिरवा पाला खाल्ल्यानें तो पिवळा होतो.

पहिल्या वर्षाचा हिशेब साधा आहे. पंचवीस पिल्लांतून दोन-तीन गेलीं, उरलेल्यांत निम्मे नर निघाले, तर हातीं अकरा तलंगा राहतात. त्यांस एक नर पुरे. बाकीचे चार-पांच महिन्यांनीं विकून खाद्याचा खर्च भागवावा. सहाव्या महिन्याच्या सुमारास अंडीं सुरू होतात, आणि निम्म्या तलंगांनीं दिलीं तरी रोज पांच-सहा मिळतात. हीं पांच-सहा अंडीं ज्या घरीं दुष्काळांतहि येत राहतात, त्या घरच्या बाईला दुकानदाराकडे उधारीसाठीं जावें लागत नाहीं. त्यासाठीं तिला रोज एकच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो : कोंबड्या मोजल्या का, आणि दार लावलें का?